अस्तराखालचा चेहरा

"ती चौथ्या मजल्यावरची गंधाली आहे ना, ती नवऱ्याला त्या रंगाने हळूहळू..."

लिफ्टचं दार उघडलं आणि खालच्या मजल्यावरच्या मीरावहिनीचं वाक्य तिथेच तुटलं. दारात मासळीची पिशवी घेऊन इनेझ उभी होती.

"काय आंटी, बोंबील मिळाले का?" मीरावहिनीने तोंडभर हसून विचारलं.

"मिळाले. रंगाने हळूहळू काय?"

"कुठे काय? आमचं आपलं काहीतरी." आणि ती बाहेर सटकली. तिच्याबरोबरची कामवालीही खाली मान घालून निघून गेली.

इनेझला अर्धी गोष्ट म्हणजे घशात अडकलेला काटा. भाताचा घास गिळा, केळं खा, तो निघेपर्यंत चैन नाही. मरोळच्या गावठाणातलं तिचं जुनं घर बिल्डरने पाडलं आणि त्याच जागेवरच्या या बिल्डिंगमध्ये चौथा मजला दिला. पूर्वी पायरीवर बसलं की कोण कुठे चाललंय ते दिसायचं. आता पायरी गेली, म्हणून ती दारात चप्पल अडकवून दार अर्धं उघडं ठेवायची. कुणाचा कुकर उशिरा शिजतो, कुणाकडे पाहुणे आलेत, सगळं तिला ठाऊक. नवरा गिल्बर्ट म्हणायचा, "तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." पण कुणी आजारी पडलं की पहिलं सूप इनेझच्याच घरून जायचं, हेही तितकंच खरं.

समोरच्या दारात गंधाली आणि नंदकुमार राहायचे. नंदकुमार आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसवर ड्रायव्हर होता. गंधाली घरात बसून प्लॅस्टिकच्या बाहुल्या रंगवायची. गोवंडीच्या भंगारवाल्याकडून जुन्या खेळण्यांची गोणी आणायची, त्यांचे कारखान्यातले रंग थिनरने काढायची, आणि गिऱ्हाईक फोटो पाठवील तसा चेहरा त्यांना द्यायची. कुणाच्या केकवरचे नवरा-नवरी, कुणाचा वारलेला बाप. हात असा, की बघणाऱ्याला वाटावं आता बोलेल.

गेल्या वर्षी नंदकुमारचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, नातेवाइकांना बोलवा. सगळे भेटून गेले. इनेझने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आणि मग एका सकाळी तो पलंगावर उठून बसला. बिल्डिंगभर पेढे वाटले गेले. पण त्या दिवसापासून नंदकुमार घराबाहेर पडलेला कुणी पाहिला नव्हता.

त्या दुपारी इनेझने बोंबील तळले, घरी कुटून बाटलीत भरलेल्या तिखटजाळ मसाल्याची आमटी केली, ताट झाकलं आणि समोरची बेल दाबली. बाहेर आभाळ दाटलेलं, भिंतींना ओल सुटलेली.

गंधालीने दार उघडलं. तोंडावर मास्क, हाताला करडे डाग.

"आंटी, आत्ता नको ना. स्प्रे चाललाय."

"तू मार स्प्रे. मी नंदूला भरवून जाते. किती महिने झाले बघितलं नाही गं पोराला." बोलता बोलता इनेझ आत शिरलीही होती.

घरात थिनरचा असा भपकारा, की डोळ्यांतून पाणी आलं. "बाय माझी, या वासात तू राहतेस कशी?"

"कसला वास?" गंधाली म्हणाली. "मला तर येतच नाही. सवय झाली असेल."

खिडकीपाशी खुर्चीत नंदकुमार बसला होता. त्याने मान वळवली, पण फार सावकाश. इनेझने बोंबलाचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. तो चावत राहिला. आवडलं नाही, नावडलं नाही. पुठ्ठा चघळावा तसा चावत राहिला.

"तिखट झालंय का रे?"

"माहीत नाही, आंटी." आवाज गोधडीखालून यावा तसा.

तिने सवयीने त्याच्या कपाळाला हात लावला. बाहेर एवढं उकडत होतं, तिच्या पाठीवरून धारा वाहत होत्या, आणि त्याचं कपाळ कोरडं. गार नव्हे, गरमही नव्हे. खरखरीत, चुना मारलेल्या भिंतीसारखं. तिने हात काढला तेव्हा बोटांना बारीक करडी पूड लागली होती.

इनेझने बोटं पदराला पुसली. 

टेबलावर काड्यांना खोचलेल्या बाहुल्या वाळत होत्या. बाजूला, एकटाच, एक स्टीलचा डबा पालथा घातलेला. इनेझची नजर तिथे गेली आणि नजरेमागोमाग हात.

"नका!" गंधाली ओरडली. "रंगाचा कोट ओला आहे."

"कुणाचं आहे ते?"

गंधालीने मास्क खाली ओढला. चेहरा इतका थकलेला, की इनेझला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने तसं केलंही, आणि त्या आधाराने ती पोरगी बोलती झाली.

"आंटी, रंग द्यायच्या आधी प्रायमर मारतात. अस्तर. त्याने जुनं सगळं झाकलं जातं, नवा रंग धरतो. शेवटी वर पारदर्शक सीलर, म्हणजे हात लागला तरी रंग निघत नाही. हे गोणीत आलं होतं. मी याचं तोंड पॉलिश पेपरने घासून सपाट केलं, प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी प्रायमरखालून नाक वर आलं. मग ओठ. नंदूचे ओठ, आंटी. तेव्हा हा हॉस्पिटलात होता. डोळे उमटायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरी न्या." तिने डब्याकडे बघितलं. "मी घाबरून अजून एक कोट मारला. वर सीलर. तोंड बुडालं... आणि हा उठून बसला."

"देवा..."

"डोळे पूर्ण उमटले की संपलं, एवढं मला समजलंय. म्हणून झाकत राहते. पण या दमट हवेत सीलर धरत नाही, पांढरं धुकं येतं त्याच्यावर आणि खालचं लवकर वर येतं." तिने बाजूचा कॅन हलवला. आत रंग ढवळणारी गोळी नुसतीच खुळखुळली. "हा संपलाच बघा. आंटी, तुम्ही बसाल याच्याजवळ? मी साकीनाक्याहून प्रायमर घेऊन येते. पटकन येते. फक्त त्या डब्याला..."

"नाही लावत गं हात. जा तू."

आणि तेव्हा तिच्या मनात खरंच तसं होतं.

दार लागलं. पंख्याची घरघर तेवढी उरली. मीरावहिनीचं वाक्य काय होतं ते आता इनेझला कळलं होतं. रंगाने हळूहळू मारतेय, असंच असणार. वेड्या बायका! ही पोरगी तर त्याला मरू देत नव्हती.

"आंटी..."

इनेझ दचकली. नंदकुमार तिच्याकडे बघत होता.

"आंटी, ते पुसून टाका."

"काय बोलतोस रे?"

"ती रात्रंदिवस माझा हात धरून बसते. मला तो लागत नाही. भूक नाही, झोप नाही... तुम्ही मगाशी काय भरवलंत? मला माहीतच नाही. प्रत्येक कोटानंतर सगळं अजून लांब जातं. आत कुठेतरी मी आहे, पण वर येता येत नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते येण्याची सोयच राहिली नव्हती. "तिला सांगून झालं. ती रडते आणि अजून एक कोट मारते. तुम्ही मला पोरगा म्हणता ना?"

इनेझला डॅरिल आठवला. दोह्याला नोकरीला असलेला तिचा एकुलता एक. त्याला कुणी असं बसवून ठेवलं असतं तर? तिने कपाळ, छाती, खांदे असा क्रूस केला आणि डबा उचलला.

बाहुली वीतभर उंचीची. अंग साधंच, पण कोटांवर कोट चढून डोकं भोपळ्यासारखं सुजलेलं. त्या करड्या गोळ्यावर नाकाची पुसट चढण दिसत होती. तिने कापूस थिनरमध्ये बुडवला आणि चोळायला सुरुवात केली.

थर लगद्यासारखे निघू लागले. करडा, खाली पांढरट, खाली पुन्हा करडा. ओठ आले. गालाचं हाड आलं. शेवटी पापण्या, आणि पापण्यांतून उघडे डोळे.

खुर्चीतून मोठा श्वास ऐकू आला. नंदकुमारच्या कपाळावर घाम फुटला होता. खरा घाम. त्याने हवा हुंगली, लहान मुलासारखी.

"बोंबील..." तो म्हणाला. "आंटी, झकास वास येतोय."

आणि हसता हसता त्याची मान छातीवर आली.

 इनेझने त्याच्या पापण्या मिटल्या, मनातल्या मनात प्रार्थना म्हटली. सुटला बिचारा. इथेच तिने बाहुली डब्याखाली ठेवली असती, तर पुढचं काही घडलं नसतं.

पण हातातल्या चेहऱ्याच्या गालावर थिनर मुरत होता, आणि तिथे, नंदकुमारच्या गालाखाली, आणखी एक रेघ दिसत होती. ती कसली रेघ? गंधाली तर म्हणाली होती की तिने तोंड सपाट घासलं होतं. मग याच्या खाली काय?

इनेझने कापूस पुन्हा बुडवला. नुसतं बघायचं होतं. एवढंच. एक गाल गेला. त्याखाली दुसरा, बारीक गाल. नाकाच्या बाजूला चमकीचा ठिपका. कपाळावर सुटलेली बट. थकलेले, खाली ओढलेले ओठ. हात थांबवायला हवा हे तिला कळत होतं. पण आयुष्यात कधी अर्ध्यावर न थांबलेला तो हात, तो चोळतच राहिला, आणि गंधालीच्या चेहऱ्याने तिच्या तळहातात डोळे उघडले.

कसला वास? मला तर येतच नाही.

 एका अस्तराखाली दोघं होती. झाकणारीही त्याच अस्तराखाली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

खाली गेटाजवळ गलका झाला. कुणीतरी ओरडत होतं, पाणी आणा, रिक्षा थांबवा.

"नाही... नाही गं बाय..." इनेझने रिकामा कॅन उचलला, गदागदा हलवला आणि दाबला. फुसफुस झाली, दोन-चार करडे थेंब उडाले. ते त्या चेहऱ्यावर बसण्याआधीच चेहरा ओघळायला लागला होता. थिनर आपलं काम करत होता. कानाजवळचा भाग पातळ झाला, विरला, आणि त्याखालून तिसराच एक कान वर आला. जाडसर पाळी, आणि पाळीला लांबट, ओघळलेलं भोक. लग्नातल्या जड डुलांनी ओघळलेलं.

इनेझने स्वतःच्या कानाला हात लावला.

मग काय केलं ते तिला नीट आठवत नाही. कॅनच्या तोंडातला उरलासुरला रंग काढला, पुसून निघालेला करडा लगदा बोटाने फासला, ब्रशने फासला, सीलरची बाटली सापडली ती वर ओतली. बेल वाजली तेव्हा चेहऱ्याच्या जागी वेडावाकडा करडा गोळा होता आणि बाहुली तिच्या पदराखाली होती.

गंधालीला लोकांनी वर आणलं होतं, गेटातच कोसळली होती. तिच्या खांद्याला पिशवी तशीच अडकलेली, आणि पिशवीत प्रायमरचे नवे कॅन. रडारडीत ती पिशवी कुणी नेली, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दोघांना एकाच दिवशी स्मशानात नेलं. जिन्यात मीरावहिनीने इनेझला गाठलं आणि लिफ्टमधलं वाक्य पुरं केलं.

"मी म्हणत होते ना आंटी, ती नवऱ्याला त्या रंगाने हळूहळू मारतेय. बघा, स्वतःपण गेली. कोंडलेल्या घरात तो वास! डॉक्टरपण तेच म्हणाला."

इनेझला सांगता आलं असतं. रंग खरा होता, बाकीचं उलट होतं. मारलं ते रंगाने नव्हे, मारलं कुणी ते तिला ठाऊक होतं. ती आपल्या दाराकडे वळली.

मीरावहिनीने नाक वर करून हुंगलं. "तुमच्याकडूनपण तोच वास येतो का हो?"

"उंबऱ्याला रंग दिलाय," इनेझ म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं. दारातली चप्पल तिने केव्हाच काढून टाकली होती.

आता ती दुपारी, गिल्बर्ट जरा आडवा पडला की, बाथरूममध्ये कोंडून घेऊन कॅन हलवते. दमट हवेत सीलर धरत नाही. पांढरं धुकं येतं आणि खालून कान वर येतो. ती पुन्हा मारते. साबणाचा वास तिला आधी यायचा बंद झाला, मग मासळीचा. चहाने जीभ भाजली तर कळत नाही. तिने ते मनाशी कबूल केलं होतं. डॅरिल ख्रिसमसला येणार आहे. त्याला एकदा बघायचं, मग घ्यायचा कापूस. कान आपला आहे, चेहरा आपला आहे, भोगही आपलाच. एवढा एक धीर तिला होता.

रविवारी तिने गिल्बर्टच्या आवडीची आमटी केली. चव कळत नाही म्हणून अंदाजाने बाटलीचा मसाला टाकला, अंदाज चुकू नये म्हणून दुप्पट. रस्सा लालभडक झाला. नुसत्या वाफेने शेजारचं मांजर शिंकत पळालं.

गिल्बर्टने भातावर आमटी ओतली, घास घेतला. चावत राहिला. सावकाश, पुठ्ठा चघळावा तसा.

मग त्याने ताटावरून मान वर केली.

"इनेझ," तो म्हणाला, "आज मसाला घालायला विसरलीस का गं?"