वरून आलेला हुकूम

बोटीला शंभर वर्षं होणार म्हणून मॅनेजरसाहेबांनी तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. दोन पानं, एक फोटो. "इंजिन तुमच्या हातात आहे, त्याआधी वडिलांच्या होतं. तुम्हीच लिहा," म्हणाले आणि जुनी पुस्तिका टेबलावर ठेवली. "अपघाताचं वाक्य तेवढं आहे तसंच घ्या."

ते वाक्य मला पाठ आहे. 'इंजिनवाल्याने थांबण्याचा हुकूम पाळला नाही.' इंजिनवाला म्हणजे माझे बाबा. हुकूम देणारे कप्तान म्हणजे मॅनेजरसाहेबांचे सासरे; तेही आता हयात नाहीत. आता बोला!

आमची बोट दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची चाकं फिरवत सरोवर ओलांडते. इंजिन मधोमध आहे. उतारू कठड्यावरून खाली वाकून बघतात आणि विचारतात, "घाम येत नाही का?" येतो. इंजिनघरातून पाणी मात्र दिसत नाही, म्हणून ही पितळी तबकडी. कप्तान वर दांडा ओढतो, खाली घंटा वाजते, काटा हुकमावर येतो: थांब, हळू, पूर्ण पुढे, पूर्ण मागे. आपण आपला दांडा त्याच शब्दावर आणला की वर होकार पोचतो. तोवर घंटा वाजतच राहते. बाबांना या होकाराची इतकी सवय, की आईने हाक मारली तर घास तोंडात असतानाच "आलो" म्हणायचे.

एकतीस वर्षांपूर्वी भर दुपारी बोट पलीकडच्या धक्क्यावर पूर्ण वेगात आदळली. नऊ माणसं गेली. बाबा म्हणाले, "हुकूम 'पूर्ण पुढे' होता." कप्तान म्हणाले, "मी 'थांब' सांगितलं." धडकेनंतर वरचा दांडा 'थांब'वर सापडला, बाबांचा 'पूर्ण पुढे'वर. धडकेनंतर कोणीही थांबच म्हणणार, पण चौकशीला तेवढं पुरलं. बाबांनी पुन्हा इंजिनाला हात लावला नाही. शेवटच्या आजारातही ते मला एवढंच म्हणाले, "मी ऐकलं ते केलं गं."

आता फोन आहे. तबकडी नुसती शोभेला. तिची साखळी वीस वर्षांपूर्वी कापली, तेव्हा मी समोर उभी होते.

इतिहास लिहायला बसले त्याच आठवड्यात, दुपारच्या फेरीला, पलीकडचा धक्का जवळ आला आणि घंटा वाजली. काटा 'पूर्ण पुढे'वर.

मी वर फोन केला. आताचा कप्तान वैतागला. "मी कशाला वाजवू? साखळी कुठंय तिला?"

मी झाकण उघडलं. साखळीचं कापलेलं टोक धूळ खात लोंबत होतं. बोट धक्क्याला लागली तेव्हाच घंटा थांबली.

दुसऱ्या दिवशी तेच. तेलवाले काका बाबांच्या वेळचे. इंजिनाला तेल घालता घालता म्हणाले, "ताई, आपण ऐकलंच नाही असं समजू."

"मग तेल बाहेर का ओतताय?"

"वय झालं."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. रात्री मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'हुकूम वरून आला होता: पूर्ण पुढे.'

मॅनेजरसाहेबांनी ते वाचलं आणि तडक दुपारच्या फेरीला बोटीवर आले. कठड्याशी उभे राहून म्हणाले, "हे छापता येणार नाही. पुरावा काय?"

"थांबा. धक्का जवळ येतोय."

फोनवर कप्तानाने 'हळू' सांगितलं. मी वाफ कमी केली.

घंटा वाजली.

काटा 'पूर्ण पुढे'वर आला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. घंटा थांबेना.

मग माझा दांडा आपोआप सरकू लागला. होकार द्यायला.

तो हात मी ओळखला. आधी एक बारीक झटका, मग सावकाश. तसंच बाबांनी मला लहानपणी शिकवलं होतं.

मी दोन्ही हातांनी दांडा धरला. "बाबा, नाही! या वेळी ऐकायचं नाही!"

तो ओढत होता. मी पाय रोवले.

"नाही म्हणा!"

ओढ सुटली. मी दांडा 'थांब'वर आणला आणि वाफ बंद केली. बोट अलगद धक्क्याला लागली. घंटा गप्प झाली.

साहेब कठडा धरून उभे होते. "छापा," एवढंच म्हणाले.

पुस्तिका छापून आली. पहिली प्रत घेऊन मी आज सकाळी इंजिनघरात उतरले. बोट बांधलेली, बॉयलर गार, वर चिटपाखरू नाही. बाबांचं वाक्य मी मोठ्याने वाचलं.

घंटा वाजली.

या वेळी काटा 'थांब'वर आला. एकतीस वर्षांनी.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दांड्याकडे बघत राहिले. जिवंतपणी कुठल्याही हुकमाला बाबांनी कधी दुसऱ्या ठोक्याची वेळ येऊ दिली नव्हती.

दांडा हलला नाही. बाबा आता होकार देणार नव्हते, आणि मीही.

मी दिवसभर तिथेच बसून हे लिहिलं. घंटा अजून वाजते आहे.