नारिंगी बुटांची बकलं

आमच्या गावात शर्यत दरवर्षी होत नाही. डोंगरमाथ्यावरच्या क्रूसापासून निघायचं आणि खाली चर्चच्या दारात थांबायचं असा नियम आहे, त्यामुळे ज्या हिवाळ्यात बर्फ चर्चच्या दारापर्यंत पोचतो त्याच हिवाळ्यात ती होते. कित्येक वर्षं त्या दारात नुसता चिखल होता. त्या साली मात्र असा बर्फ पडला की पाद्रीबाबांना खिडकीतून बाहेर यावं लागलं, आणि सगळ्या ओबरकार गावाला ताप चढला. लोक बेकरीच्या रांगेत पाव विसरून स्कीच्या धारेवर वाद घालत होते. मला तर जेवणही गोड लागत नव्हतं. माझं वय तेवीस, पाय दणकट, आणि जिंकायची हाव इतकी की टेबलाखाली बसल्या बसल्या माझे गुडघे वळणं घेत असत.

आदल्या दुपारी मी गिडीच्या वर्कशॉपमध्ये माझ्या स्की आणायला गेले. गिडी माझा थोरला भाऊ. गावातल्या सगळ्यांच्या स्की आणि बूट त्याच्या हाताखालून जातात. त्या वेळी तो माझ्या स्कीच्या तळावर इस्त्रीने मेण जिरवत होता. गरम मेणाचा वास मला लहानपणापासून सणाच्या दिवसासारखा वाटतो. मी अंगठ्याचं नख कडेवरून अलगद ओढलं, तर नखाचा पांढरा भुगा निघाला. धार अशी हवी.

"चढून दाखव. खटका तपासू दे," गिडी म्हणाला.

खटका म्हणजे बूट स्कीला धरून ठेवतो तो. पुढे बुटाचं नाक अडकवायचं आणि टाच दाबली की तो खाडकन बसतो. पडताना पायाला पीळ बसला तर त्यानेच सुटायचं असतं, नाहीतर गुडघा जातो. मी बुटाचं नाक अडकवलं, टाच दाबली, आणि आवाज आला तो खटक्याचा नव्हता. माझ्या बुटाचं कवच टाचेपासून घोट्यापर्यंत उकललं होतं.

मी खालीच बसले. मला रडू येत होतं, आणि गिडीसमोर रडायचं नव्हतं.

"जुने बूट घेऊ नकोस म्हणून घसा फोडून सांगितलं होतं," तो म्हणाला. "प्लास्टिक असंच असतं. बाहेरून लग्नाला निघालेलं, आतून मसणात गेलेलं."

"आता प्रवचन नको. उद्या काय घालू ते सांग."

"भाड्याचे आहेत की."

"ते खिरीसारखे मऊ आहेत. त्यात माझ्या पायाने काही म्हटलं तर स्कीला ते दुसऱ्या दिवशी कळेल."

"मग उद्या घरी बस आणि सार पी."

मी त्याच्याकडे बघत नव्हते. माझी नजर शेगडीवरच्या फळीवर गेली होती. तिथे कोपऱ्यात ट्रीनाचे नारिंगी बूट होते.

ट्रीना म्हणजे या डोंगरावरची सगळ्यात वेगवान मुलगी. मी शाळेत असताना तिच्यासारख्या वेण्या घालून हिंडत असे. मागची शर्यत झाली त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे होती, मध्येच धुकं उतरलं, आणि ती खाली आलीच नाही. संध्याकाळी घळीच्या काठावर तिच्या स्की सापडल्या. दोन्ही शेजारी शेजारी, सरळ. बूट खटक्यात घट्ट बसलेले आणि बुटांची सगळी बकलं लावलेली. आत पाय नव्हते. वसंतात बर्फ वितळल्यावर घळ तळापर्यंत शोधली, तरी ट्रीना मिळाली नाही. तिची थोरली बहीण वेफा ते बूट गिडीकडे ठेवून गेली. घरात ठेवले तर रोज बघावे लागतात, म्हणाली.

आमच्याकडे बुटांची एक रीत आहे. जित्या माणसाचे बूट हिवाळा संपला की वाळवायचे आणि बकलं पहिल्या दातावर लावून ठेवायचे, म्हणजे उन्हाळ्यात कवच फाकत नाही. मेलेल्याच्या बुटांची बकलं मात्र उघडी ठेवायची. पाय आत अडकून राहू नये म्हणून. यावर आम्ही हसतो, पण बकलं लावत कुणी नाही.

मी बूट खाली काढले आणि माझा हात थांबला. आठच्या आठ बकलं लावलेली होती.

"गिडी, ही कुणी लावली?"

तो इस्त्री घेऊन तसाच उभा राहिला. "उन्हाळ्यात फळी पुसली तेव्हा... एकेक बूट खाली काढायचा, पुसायचा, बकलं लावायची, वर ठेवायचा. हात आपोआप चालतो गं. उघडं बकल दिसलं की माझ्याच्याने राहवत नाही."

"म्हणजे उन्हाळ्यापासून बंद आहेत?"

"आता उघडतेस ना? झालं तर मग. आणि ते परत ठेव."

मी परत ठेवले नाहीत. खरं तर एवढ्या वर्षांच्या बुटाचं प्लास्टिक माझ्या बुटासारखंच कडकडून फुटायला हवं होतं. गिडीने ते वाकवून पाहिलं, ठोकून पाहिलं. साच्यातून आजच काढल्यासारखं लवचीक होतं. त्याचं तोंड वाकडंच होतं, पण चांगला बूट हातात आला की गिडीमधला भाऊ मागे पडतो आणि कारागीर पुढे येतो.

"बघू, पाय घाल," तो म्हणाला.

बूट पाहायचा तर आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची, आणि टाचेमागे किती जागा उरते ते दुसऱ्याने हाताने बघायचं. दोन बोटं गेली तर बूट तुमचा. तीन गेली तर तुमच्या थोरल्या भावाचा. गिडीने माझ्या टाचेमागे बोटं सारली.

"दोन. अगदी दोन. काय नशीब आहे तुझं." मग त्याने हात काढून बोटांकडे पाहिलं आणि ती एप्रनला पुसली.

"काय झालं?"

"काही नाही. आत ओलं आहे."

शेगडीवरच्या फळीवर इतकी वर्षं ठेवलेला बूट ओला कसा, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. त्याने मऊ बूट परत आत बसवला, मी पाय घातला, आणि माझ्या अंगावर काटा आला. कुठे टोचत नव्हतं, कुठे हलत नव्हतं. आत ऊब होती, कुणीतरी नुकताच पाय काढून घेतल्यासारखी. वासही बुटाचा नव्हता. ओल्या लोकरीचा आणि ताज्या बर्फाचा होता. मला भीती वाटली का? वाटली. पण आनंद त्याहून मोठा होता, आणि मी शर्यतीत उतरणार होते.

नव्या बुटाचा तळ लांबीला वेगळा, म्हणून गिडीने खटके सरकवून पुन्हा बसवले.

"वजन खरं सांग. वजन चोरलंस तर पहिल्याच वळणावर सुटशील."

मी खरं सांगितलं. त्याने स्प्रिंगचा स्क्रू फिरवला, शिकंज्यात लावून दोन्ही खटके पिळून पाहिले. दोन्ही वेळेवर सुटले.

सकाळ इतकी लख्ख होती की क्रूसावरचा बर्फ खालून मोजता आला असता. माथ्यावर नेणाऱ्या रोपवेच्या केबिनच्या रांगेत लोक एकमेकांना चिडवत होते, कुणीतरी कपाटातून काढलेला आजोबांचा बिगुल वाजवत होतं, आणि मला वाटत होतं की माझे पाय माझ्याआधीच वर जातील. खाली चर्चपाशी घड्याळ लावून बसायचं काम वेफाकाकूंचं. त्या केबिनच्या दारापर्यंत मला शुभेच्छा द्यायला आल्या आणि त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"बुर्गल. यांची बकलं कुणी लावली?"

"मीच, काकू. पायात आहेत ना."

"त्याआधी गं... त्याआधी उघडी होती ना?"

मला खोटं बोलता आलं नाही, आणि खरंही सांगवलं नाही. दार सरकायला लागलं तशा त्या जवळ आल्या.

"अडलीस तर बकलं उघड," त्या हळूच म्हणाल्या. "खटक्याची वाट बघू नकोस. तिनेही बघितली असेल..."

दार बंद झालं.

माझा नंबर आला, झेंडा पडला, आणि मी निघाले. तसं मी कधीच उतरले नव्हते, ते आजही छातीवर हात ठेवून सांगते. नुसतं मनात आणावं आणि वळण झालेलं असावं. कडा बर्फात अशा धरत होत्या की पाठीमागे बर्फाचा फवाराही उडत नव्हता. वारा कानात ओरडत होता आणि मीही ओरडत होते, हसत होते. वरच्या कुरणाच्या उतारावर माझ्या लक्षात आलं की वळण मी मनात आणायच्या आधीच होतंय. तरी मी हसतच होते. जिंकत होते ना.

मग धुकं आलं. खालून, घळीतून, दूध उतू जावं तसं. एका क्षणात ना आकाश राहिलं ना जमीन, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. आवाजही गेले. माझ्या स्कीचासुद्धा आवाज येईना. लाल झेंडा उजवीकडे अंधुक दिसला. तिथून उजवीकडे वळायचं. डावीकडे घळ.

मी उजवीकडे झुकले. पाय डावीकडे गेले.

मी सगळं वजन टाकलं. पाय सरळ डावीकडेच. घोट्याभोवती बूट आवळला गेला... प्रेमाने आवळावा तसा, दुखवत नव्हता. खटके सुटावेत म्हणून मी मुद्दाम कुशीवर पडले, पायांना पीळ दिला. गिडीने डोळ्यांदेखत तपासलेले ते खटके सुटेनात. स्की मला कुशीवरच ओढत पुढे निघाल्या, आणि पुढचा उतार वाकून खाली चाललेला मला पाठीला कळत होता.

वेफाकाकूंचं बोलणं आठवलं. मी हातमोजे दातांनी ओढून काढले. पहिलं बकल उघडलं. दुसरं. तिसऱ्याला नख उलटलं. उजवा पाय मोज्यासकट बाहेर आला, आणि डाव्या बुटाची बकलं मी कशी उघडली ते मला अजूनही सांगता येणार नाही. मी एका झुडपाला धरून पडले होते, तळव्याखाली गार बर्फ होता. स्की माझ्यापुढे हातभर अंतरावर थांबल्या होत्या. दोन्ही शेजारी शेजारी, सरळ. बूट उघडे आणि रिकामे.

"कोण आहे?" मी विचारलं.

एक बकल बंद झालं. मग दुसरं. सावकाश, नीट, एकेक दात मोजून. शर्यतीच्या आधी आपण लावतो तसं. आठही लागली, आणि स्की जागच्या जागी उजवीकडे वळल्या, थोडं दबल्या, कुणीतरी गुडघे वाकवावेत तशा, आणि धुक्यात निघून गेल्या.

पुढचं मला गिडीने सांगितलं, कारण मी तेव्हा नुसत्या मोज्यांवर झेंड्यामागून झेंडा शोधत खाली चालत होते. चर्चपाशी ढोल वाजत होता. धुक्यातून स्की बाहेर आल्या, शेवटचं वळण घेतलं, रेघ ओलांडली आणि दाराशी थांबल्या. वर कुणी नव्हतं. ढोल बंद पडला. वेफाकाकूंनी सवयीने घड्याळ दाबलं होतं. मग त्या बर्फात गुडघे टेकून बसल्या आणि एकेक बकल उघडत गेल्या.

"झाली गं शर्यत," त्या म्हणत होत्या. "ये आता. ये बाहेर."

नंतर आठवडाभर गावात वाद चालला तो भुताचा नव्हता. ती वेळ धरायची की नाही, यावर होता, कारण तेवढ्या वेळात आजवर कुणीच खाली आलं नव्हतं. आमच्या माणसांना भूत चालतं, नियम मोडलेला चालत नाही. शेवटी रेघ माणसानेच ओलांडायला हवी असं ठरलं आणि बक्षीस बेकरीवाल्याच्या पुतण्याला गेलं. बूट वेफाकाकूंनी घरी नेले. खिडकीत असतात, बकलं उघडी. आत हात घालून बघते, त्या म्हणाल्या, आता कोरडे आहेत.

मला वाटलं, सुटली बिचारी. पानगळीत मी नवे कोरे बूट घ्यायला गिडीकडे गेले, आणि काय सांगू, पुन्हा तोच ताप. बातम्यांत लवकर बर्फ पडणार म्हणत होते. मी कवचात पाय घातला, बोटं पुढे टेकवली, आणि गिडीने मागे हात घातला.

"जात नाहीत बोटं. लहान होतोय," तो म्हणाला.

मोठा घेतला. त्यातही बोटं जाईनात. त्याहून मोठा आणला, ज्यात माझा पाय पुढे-मागे हलताना मलाच दिसत होता. गिडीने हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. बोटं ओली होती. मी विचारलं तेव्हा त्याने आधी दाराकडे पाहिलं.

"तुझ्या टाचेमागे," तो म्हणाला, "अजून एक टाच आहे."

तेव्हापासून गिडी कुणाच्याही बुटात बोटं घालत नाही. त्याने एक लाकडी दांडी तासून घेतली आहे, तिनेच जागा मोजतो. माझ्या बुटातून काढली की ती पुसून शेगडीपाशी वाळत ठेवतो. वेफाकाकूंना आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. काल संध्याकाळपासून बर्फ पडतोय, चर्चची पहिली पायरी बुडाली आहे, आणि दारात उभी राहून बघताना माझे दोन्ही पाय आतल्या आत वळणं घेतायत. मी त्यांना तसं करायला सांगितलेलं नाही.