वजनकाटा येईपर्यंत

त्यांची पहिली भेट झाली ती अडीच औंसांच्या एका माशामुळे.

मे महिन्यातला रविवार होता, आणि विल्सबीच्या मासेमारी क्लबाची मोसमातली पहिली स्पर्धा. सपाट शेतांमधून सरळ गेलेला कालवा, काठाला ठरावीक अंतरावर ठोकलेल्या नंबरांच्या खुंट्या आणि प्रत्येक खुंटीपाशी आपापल्या पेटीवर बसून गरवणारा एकेक माणूस. ब्रायनी त्यांच्यात नवखी होती. बसायची पेटी वडिलांची, गळाची दांडी वडिलांची, वर्षाची वर्गणीसुद्धा त्यांनीच जानेवारीत भरलेली. फेब्रुवारीत ते गेले. वर्गणी फुकट जायला नको, एवढंच कारण तिने आईला सांगितलं होतं.

पाच तासांत तिला एक मासा मिळाला. शिट्टी झाल्यावर एक उंच, उन्हाने रापलेला तरुण वजनकाटा आणि तिपाई घेऊन तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"काढा जाळी वर."

तिने पकडलेले मासे ठेवायची लांब जाळी पाण्यातून ओढून घेतली. त्याने आत पाहिलं. वाकून पुन्हा पाहिलं.

"बाकीचे कुठायत?"

"जेवायला गेलेत," ब्रायनी म्हणाली.

तो हसला नाही. म्हणजे ओठांनी हसला नाही... डोळ्यांनी हसला. मग मोठ्या गांभीर्याने त्याने त्या बोटभर माशाला काट्याला टांगलेल्या पिशवीत ठेवलं आणि न्यायाधीशासारखा म्हणाला, "अडीच औंस. इथे सही करा."

"तीन लिहा ना."

"लाच काय देणार?"

"अर्धं सँडविच. चीज आणि कांद्याचं."

"कांदा नको. अजून आठ जणांशी बोलायचंय."

त्याचं नाव जॉस. तीस मैलांवर, समुद्राच्या बाजूला, पाणी उपसायच्या पंपांच्या ठाण्यावर तो कामाला होता. खांदा निखळल्यापासून त्याचं गरवणं बंद झालं होतं. पण रविवारी घरी बसवेना, म्हणून क्लबाचा वजनकाटा त्याने आपल्याकडे घेतला होता.

विल्सबीत एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळे पाळायचे. ज्याच्या जाळीत दाखवण्यासारखं काही असेल, त्यानेच वजनकाट्यासाठी थांबायचं. बाकीच्यांनी आपले दोनचार चिंगळे गुपचूप पाण्यात सोडायचे, सामान आवरायचं आणि काटा यायच्या आत निघायचं. ब्रायनी मात्र प्रत्येक स्पर्धेला थांबली. जूनमध्ये चार औंस. जुलैत सहा. ऑगस्टमध्ये तर सव्वा औंस!

"अगं, मांजराचा तरी नाश्ता होईल का तेवढ्यात?" लोक जाता जाता म्हणत.

म्हणोत. मासा तो मासा. जाळीत एक शेपटी हलत असली, की तिला थांबायचा हक्क होता. मग जॉस यायचा, तिपाई मांडायचा आणि दोन मिनिटांचं काम पंधरा मिनिटं चालायचं...

आणि आता ऑक्टोबर. मोसमातली शेवटची स्पर्धा. यानंतर थेट मे महिना.

सकाळी पिशवीत हात घालून तिने जागेच्या नंबराची चिठ्ठी काढली. एकोणीस. कालव्याचं शेवटचं टोक. तिथे पाणी उथळ होतं आणि वारा समोरून यायचा. अठरा नंबरावर सिरिल आला होता. वय शहात्तर, आणि त्यातली तीस वर्षं तो ब्रायनीच्या वडिलांच्या आसपास गरवत होता.

"एकोणीस काढलीस?" पेटी टेकवत सिरिल म्हणाला. "तुझा बापसुद्धा असाच. पिशवीत शंभर चांगल्या चिठ्ठ्या असोत, त्याच्या हाताला सडकी लागायची."

"मला आज एकच मासा पुरे, सिरिल."

"एकच?"

"एकच."

तिने जरा जास्तच ठामपणे म्हटलं असावं. सिरिलने टोपीखालून तिच्याकडे एक नजर टाकली आणि तो अळ्यांच्या डब्याकडे वळला.

एकच मासा. केवढाही. मे महिन्यापर्यंत जॉसला भेटायचं दुसरं कुठलंही निमित्त नव्हतं. फोन नंबर मागावा, तर काय म्हणून? सहा महिन्यांत ते हवामानावर बोलले होते, माशांवर बोलले होते, कांद्यावर तर फारच बोलले होते. ज्यावर बोलायचं होतं ते प्रत्येक वेळी सहीपाशी येऊन थांबायचं. आज ती बोलणार होती. पण त्यासाठी तो तिच्या खुंटीपाशी यायला हवा... आणि त्यासाठी जाळीत काहीतरी हवं.

पहिला तास गेला. दुसरा गेला. बारीक पाऊस आला, सिरिलने आपली मोठी छत्री रोवली, पाऊस दांडीवरून थेंबाथेंबाने ओघळला आणि निघून गेला. गळाच्या दोऱ्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचं लाल टोक पाण्यावर असं निवांत उभं होतं, जणू त्याला तिथेच नेमणूक मिळाली होती. पलीकडे सिरिल दर दहा मिनिटांनी एक चंदेरी रोच मासा काढत होता.

"वैताग येतो तुमच्याकडे बघून," ब्रायनी म्हणाली.

"मग बघू नकोस. फ्लोटकडे बघ. तो बुडला!"

खरंच बुडला होता! तिने दांडी उचलली. टोकाला जिवंत धडधड आली आणि तीच तिच्या छातीतही. रोच! चार औंस तरी असेल. तिने तो हळूहळू जवळ आणला, हातजाळीकडे हात नेला... आणि पाण्यातून एक हिरवट, ठिपक्यांचं तोंड वर आलं. खळ्ळकन आवाज झाला. दोरा सैल पडला.

"पाइक," सिरिल शांतपणे म्हणाला. "बघ, जेवला एकदाचा."

"माझा मासा होता तो!"

"त्याला सांग ना."

ती रडेल की हसेल, तिचं तिलाच कळेना. शेवटी हसली. थर्मासमधला चहा काढला, डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री अर्धी सिरिलला दिली आणि बसून राहिली. वारा पडला होता. पलीकडच्या नांगरलेल्या शेतावर टिटव्यांचा थवा उतरत होता, उठत होता, पुन्हा उतरत होता. वडील संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी यायचे, बूट दाराशी काढायचे आणि म्हणायचे, छान गेला दिवस. लहानपणी तिला वाटायचं, ते हरल्याचं लपवताहेत. आज सकाळपासून एकही मासा नव्हता, पाय गारठले होते, आणि तरी इथून उठावंसं तिला वाटत नव्हतं. ते काहीच लपवत नव्हते तर. हे त्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तिने नव्या अळ्या गरीला लावल्या.

"तो काटेवाला," सिरिल अचानक म्हणाला. "बरा मुलगा आहे."

"कोण?"

"कोण म्हणे! अगं, चाळीस वर्षं इथे वजन एक नंबरच्या खुंटीपासून सुरू होतं. यंदा कुठून होतं ठाऊकाय? तू ज्या टोकाला नसशील तिथून. जूनमध्ये तू मधोमध होतीस. पठ्ठ्या एक टोक संपवून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून मोजत मोजत मध्ये आला. ती जड तिपाई घेऊन, दुखऱ्या खांद्याने! आम्ही सगळे पबात निकालाची वाट बघत उपाशी."

ब्रायनी फ्लोटकडे बघत राहिली. कान मात्र लालभडक झाले होते.

"योगायोग असेल."

"हो, हो. योगायोगच. आणि मी सव्वीस वर्षांचा आहे."

शेवटची दहा मिनिटं. पाच. सगळा काठ गप्प झाला होता. ती फ्लोटकडे बघत होती, बघत होती... लांबवर शिट्टी वाजली, आणि तिचा आवाज विरतोय न विरतोय तोच फ्लोट बाजूला सरकून खाली गेला.

हात आपोआप उचलले गेले. या वेळी मासा मोठा होता! दांडी अर्ध्या वर्तुळासारखी वाकली. ब्रीम, रुंद, काशाच्या परातीसारखी. दोन पौंडांची तरी. ब्रायनीने तिला अलगद हातजाळीत घेतलं.

तिने सिरिलकडे पाहिलं. सिरिल तिच्याकडेच बघत होता.

"मला तर शिट्टी ऐकूच आली नाही," तो म्हणाला. "या वयात कान कुठे धड असतात?"

"मला आली," ब्रायनी म्हणाली.

शिट्टीनंतर लागलेला मासा वजनात धरत नाहीत. तिने गरी सोडवली, दोन्ही हातांनी ब्रीमला पाण्यात धरलं. ती क्षणभर तशीच राहिली, मग शेपटी हलवून गढूळ पाण्यात निघून गेली.

"बापावर गेलीस," सिरिल पुटपुटला. त्याने नाक शिंकरलं आणि बराच वेळ रुमाल बाजूला केला नाही.

जाळी रिकामी होती. अगदी कोरडी म्हणावी इतकी रिकामी. पलीकडे एकेकजण पाय झटकत उठत होता, दांड्या आवरत होता. सोळा गेला. सतरा गेला. जाताना हात हलवून म्हणाला, "चल ब्रायनी, पबात भेटू!" तिने दांडीचे तुकडे सोडवले, डबे पेटीत भरले, पेटीचा पट्टा खांद्याला लावला.

आणि मग पट्टा काढला. पेटी खाली ठेवली. तिच्यावर बसली.

रिकाम्या जाळीने वजनकाट्याची वाट बघत विल्सबीत आजवर कुणी बसलं नव्हतं. बसलं, तर त्याचा अर्थ काय, हे कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कळू दे.

जॉस आला. सिरिलची जाळी मोजली. तीन पौंड, दोन औंस. सिरिलने सही केली, सामान उचललं आणि एरवी कण्हत चालणारा तो म्हातारा चक्क लगबगीने गेला. मग जॉस एकोणीसपाशी आला. तिपाई मांडली. जाळीकडे पाहिलं. ती काठावर, गवतात पसरून वाळत होती.

"ब्रायनी... किती?"

"काही नाही."

"एकही नाही?"

"एक पाइकने खाल्ला. एक शिट्टीनंतर लागला."

"मग—" तो थांबला. त्याने काट्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, कुठेही पाहिलं. "मग थांबलीस कशाला?"

आता हवामान नको. कांदा नको.

"तू येणार होतास म्हणून," ती म्हणाली.

कालव्यावर वाऱ्याची एक झुळूक उठली आणि गेली. जॉसने हळूच तिपाई मिटली, ओल्या गवतात ठेवली आणि तिच्या पेटीशेजारी सरळ चिखलातच बसला.

"सकाळपासून देवाचा धावा करतोय," तो म्हणाला, "हिला एक मासा लागू दे म्हणून."

"आणि मी निघून गेले असते तर?"

"सतराच्या पुढे दिसत नव्हतं. सिरिलच्या छत्रीमागे तू आहेस की नाही, कळेना. बारापासून पुढे मी कुणाचं वजन काय लिहिलंय, मला माहीत नाही."

"अरे देवा! तपासून घे."

"घेतो." पण तो हलला नाही. "पुढच्या रविवारी काय करतेस?"

"पुढच्या रविवारी स्पर्धा नाहीये."

"म्हणूनच विचारतोय."

 तिने पेटीवर जरा सरकून जागा केली. पेटी एका माणसाची होती. दोघं बसल्यावर खांद्याला खांदा लागणारच होता.

"दुखरा नाही ना हा?" तिने विचारलं.

"दुखराच आहे," जॉस म्हणाला. "राहू दे."

त्या दिवशी विल्सबी क्लबाचा निकाल पाऊण तास उशिरा लागला आणि बाराव्या खुंटीपासून पुढची वजनं सगळ्यांना विचारून पुन्हा लिहावी लागली. कुणी कारण विचारलं नाही. सिरिल त्या दोघांच्या बराच आधी पबात पोचला होता.