झिपरूच्या नावाची कळशी

नाशिकला आलेला पाहुणा पंचवटीत दर्शन घेतो, मिसळ खाऊन घाम पुसतो, चिवड्याचे पुडे बांधून घेतो आणि मग आमच्या भांडीबाजारात शिरतो. तांब्या-पितळेची भांडी विकायची आणि त्यांवर गिऱ्हाइकाचं नाव घालून द्यायचं, हा माझा धंदा. अक्षर माझं सुरेख. त्याचा मला माजही होता.

२००३च्या कुंभमेळ्यात इंदूरच्या एका बाईंनी वरच्या खुंटीवरची कळशी दाखवली. "अशी जुनी घडण हवी," म्हणाल्या. ती विकायची नव्हतीच. पेठ तालुक्यातल्या यशोदाबाईंनी पोचे काढायला ठेवलेली, तिच्यावर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव : झिपरू. सगळं ठाऊक असून मी त्या नावावर कानस चालवली, पॉलिश मारलं आणि इंदूरच्या बाईंचं नाव घालून दिलं. दुर्बुद्धी, दुसरं काय!

दिवाळीनंतर यशोदाबाई आल्या.

"दादा, माझी कळशी?"

"तुम्ही मागेच नेली की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या भांडल्या नाहीत. "त्यांचा फोटू बी नाय, दादा," एवढंच म्हणाल्या. "अंगठा फिरवला का नाव लागायचं हाताला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवस त्या रिकाम्या खुंटीकडे बघत काढले. शेवटी दुकानातली सगळ्यात जड कळशी काढली, जीव ओतून 'झिपरू' घातलं आणि पेठची एसटी धरली.

यशोदाबाईंना वाचता येत नव्हतं. दारातच बसून त्यांनी कळशीवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हितं काय नाय."

"अहो, काय नाही? चांगलं ठसठशीत आहे!" मी चिडून बोट टेकवलं.

अक्षरं डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. बोटाखाली नुसतं गुळगुळीत तांबं.

मीच पुसलं, बाई, असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दुकानात येऊन मी एकेक नाव चाचपलं. सगळी तशीच गुळगुळीत. गिऱ्हाइकं मात्र वाचत होती, खूश होऊन नेत होती.

माझ्या आईला मोतीबिंदूमुळे दिसत नाही. घरातलं भांडं न् भांडं ती हातानेच ओळखते. त्या संध्याकाळी तिला वडिलांच्या नावाच्या तांब्यातून पाणी दिलं.

तिने अंगठा फिरवला. न पिताच तांब्या खाली ठेवला.

"हा आपला नव्हे रे," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणाचा उचलून आणलास?"