मायतेनाने बसवलेला केक

बेकरीच्या फाटकाशी गॅस कंपनीच्या मायतेनाने दोनदा टाळ्या वाजवल्या. विजेची घंटा समोरच होती, पण गॅस गळत असताना तिला हात लावायचा नसतो. एक ठिणगी पुरते.

पिठाने माखलेले हात घेऊन एल्विओ बाहेर आला. "खेड्यातल्या मावशीसारख्या टाळ्या वाजवताय. घंटा दिसली नाही?"

"दिसली. कोपऱ्यावर खोदताना गॅसची नळी फुटलीय. भट्टी बंद करायची आणि निघायचं."

"पंधरा मिनिटं द्या ना... आत बहिणीच्या लग्नाचा केक आहे. आज संध्याकाळचा. आणि वास कुठे येतोय?"

"मातीतून येताना वास मातीतच राहतो. गॅस तेवढा पुढे येतो."

"कोमोदोरो शहराच्या या वाऱ्यात? गॅस एव्हाना समुद्रावर पोचला."

"वारा रस्त्यावर आहे. फरशीखाली नाही."

तिने उंबऱ्याजवळच्या फटीत गॅस मोजायच्या यंत्राची नळी घातली. आकडा चढू लागला. एक... दोन... तीन टक्के. "पाच टक्क्यांना स्फोट होऊ शकतो," ती हळूच म्हणाली.

एल्विओने आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती गॅसची बाहेरची चावी बंद करायला वाकली, तेव्हा त्यानेच पुढे होऊन फिरवली.

"गेला केक," तो पुटपुटला.

मग फुटलेली नळी दुरुस्त होईपर्यंत ती घरोघरी गॅस मोजत फिरली. तो वारा येत होता त्या बाजूला, रस्ता अडवणाऱ्या दोरीपलीकडे शेजाऱ्यांत उभा. ती जवळून गेली की विचारायचा, "माझी बेकरी?"

"चार."

"चार म्हणजे?"

"म्हणजे तिथेच उभे राहा."

"तुमचा नंबर दिलात तर सारखं विचारणार नाही, इन्स्पेक्टरबाई."

"इथे फोन बंद ठेवायचेत."

"मग विचारतच राहतो."

तिने मान वळवली — हसू लपवायला. पुढच्या फेरीत मात्र तिने त्याच्याच बेकरीत आधी मोजलं.

दुपारी आकडा शून्यावर आला. दोघांनी भट्टी उघडली. केक मधोमध बशीसारखा खचला होता.

"मला... वाईट वाटतंय," मायतेना म्हणाली.

"संध्याकाळी दीडशे माणसं विचारतील, हे कुणी केलं. मी तुमचं नाव सांगणार."

"आणि माझी बाजू कोण मांडणार?"

"म्हणून तर म्हणतो..." त्याने हात उगीचच ॲप्रनला पुसले. "तुम्ही यायला हवं."

यंत्रावर शून्यच होतं. तरी तिने ते पुन्हा एकदा तपासलं.

"आठला माझी ड्युटी संपते."

"केक नऊला कापू," एल्विओ म्हणाला. बहिणीला त्याने अजून विचारलंही नव्हतं.