नऊच्या जागी एक

लेकीला जुळी मुलं झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरातच शिवणकाम करायचे. शिलाईचे, पेन्शनचे, विम्याचे हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर मीच ठेवायचे. मुलाला त्याची धास्ती.

"आई, आणखी एकदा घोळ झाला तर कॉम्प्युटर मी घेऊन जाणार. तुझे व्यवहार मी बघेन."

बोलणं मायेचंच, पण मला झोंबलं. माझं घर मी चालवते, एवढीच तर माझी मिजास होती.

आणि आठवड्याभरातच घोळ झाला. भरदुपारी हिशेब उघडला, तर पडदा लालभडक! मशीन कोकलायला लागलं. 'तुमचे पैसे धोक्यात आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' नंबरात शेवटी इंग्रजी नऊ होता. मी अक्षरं शिकले पन्नाशीनंतर, त्यात मराठी आकडे आधी पक्के झालेले. इंग्रजी 9 मला आपला मराठी १ वाटतो. मी एक दाबला.

"हॅलो… अहो, माझे पैसे वाचवा!"

"बाई, मी घड्याळं दुरुस्त करतो," पलीकडून शांत आवाज आला. "नंबर कुणी दिला?"

"कॉम्प्युटरने."

मग म्हणाले, "ती फसवणूक आहे. आधी भिंतीवरचं बटण बंद करा. आणि तो नंबर परत लावू नका. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका, मीही अनोळखीच."

"मग तुमचं ऐकू कशाला?"

ते खळखळून हसले. पत्ता देऊन म्हणाले, "कॉम्प्युटर घेऊन दिवसाउजेडी या, आणि कुणाला तरी सोबत आणा."

शेजारणीला घेऊन गेले. चिंचोळं दुकान, भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी.

"यातली खरी वेळ कोणती?" मी विचारलं.

"तुम्ही आलात ती."

शेजारीण उगाचच खोकली.

कॉम्प्युटर हा त्यांचा दुसरा नाद. त्यांनी सगळं तपासलं. आत काही शिरलं नव्हतं. पण अपडेट कितीतरी महिन्यांचे तुंबलेले. मी दर वेळी 'नंतर आठवण करून द्या' दाबत आले होते.

"आठवण करून देऊन देऊन बिचाऱ्याचा घसा बसला असेल," ते म्हणाले. मग पडद्याच्या कडेला चिकटवलेला कागद दिसला. "हे काय?"

"पासवर्ड. मी विसरते ना…"

"किल्ली कुलपालाच टांगलीत की हो!" त्यांनी न वाचताच कागद काढून माझ्या मुठीत दिला. "फाडा. नवा लांबलचक घाला, आणि मला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

आणि ते पाठ फिरवून उभे राहिले. मी एका बोटाने अक्षरं शोधतेय… ते हलले नाहीत. मानेवर पांढरे केस, स्वच्छ कॉलर. इतकी वर्षं मला सगळे मदत करायचे ती हातातलं काढून घेऊन. हा माणूस नुसता थांबला होता.

"झालं का?"

"नाही. पाठ दुखतेय का?"

"पाठ नाही… मान वळू पाहतेय, तिला धरून ठेवलंय."

माझं बोट भलत्याच अक्षरावर पडलं. पुन्हा पहिल्यापासून!

मग ते दर रविवारी घरी येऊ लागले. अपडेट करायला, हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर कशी काढायची आणि तो काढून कपाटात कसा ठेवायचा, ते शिकवायला. महिनाभराने अशाच एका रविवारी मुलगा आला. मी लाल पडद्याची हकीकत स्वतःच सांगितली.

त्याने कपाळाला हात लावला. "पासवर्ड सांग, मी लिहून ठेवतो."

"नाही."

"आई, मी मुलगा आहे तुझा!"

"म्हणून तर गोड बोलून नाही म्हणतेय."

तो त्यांच्याकडे वळला. "काका, तुम्हाला तरी माहीत असेल?"

"छे."

"मग महिनाभर येऊन करता काय?"

"चहा पितो," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

मुलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी त्याच्यासमोर हिशेब उघडला, प्रत काढली, ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. तो हसला. "राहू दे कॉम्प्युटर इथेच," म्हणाला आणि चपला घातल्या.

आम्ही दोघंच उरलो.

"आता सगळं ठीक चाललंय," मी म्हटलं. "तुम्हाला यायला कारण उरलं नाही."

"हो… तेच विचारणार होतो. कारणाशिवाय आलो तर चालेल?"

"आल्यावर परत जायची घाई नसेल, तर चालेल."

दोन महिन्यांनी आम्ही लग्न केलं. साक्षीदार म्हणून मुलानेच सही केली. अकरा वर्षं आमचा संसार झाला, भांडणं धरून फार सुखाचा. गेल्या वर्षी मार्चच्या चौदा तारखेला दुपारी ते वारले. वय एकोणऐंशी होतं.