भुई वाळेपर्यंत

"थांब वो भूमिका, पाय नको ठेवू! भुई ओली आहे!"

भूमिका पाच-सहा वर्षांची असताना ऐकलेली ही हाक. ती शाळेतून धावत यायची, आणि मधल्या खोलीच्या उंबरठ्याशी आईचा आवाज तिला जागच्या जागी धरून ठेवायचा. आत सुशिलाबाई उकिडव्या बसून, शेणामातीचा हात फिरवत मागे मागे सरकत असायच्या. कमानीला लागून कमान उमटत जायची, आणि ओठांवर गाणं –

सारवते मी भुई, हात फिरे चंद्रावानी,
वाळू दे गं लेकीबाई, थांब घडीभर अंगणी.

तेव्हापासून गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या त्या घरात नियमच होता – ज्याला दिसेल त्याने ओरडायचं. भूमिकाने आजवर बाबांना थांबवलं होतं, पाहुण्यांना थांबवलं होतं, शेजारच्या शेळीलाही थांबवलं होतं.

आता ती चोवीस वर्षांची झाली. बाबांनी, म्हणजे दुलीचंदांनी, घराच्या तीन खोल्यांना टाइल लावली. चौथीला, देवाच्या मधल्या खोलीला, मात्र सुशिलाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. पण त्यांचे गुडघे थकले. "खाली बसणं बंद, पोछा बंद," डॉक्टरांनी बजावलं. सुशिलाबाई घरी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी बादली घेऊन खाली बसल्या!

आणि भूमिकाला पंधरा दिवसांनी देवरीच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून रुजू व्हायचं होतं. शनिवारी यायचं, सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचं. मधल्या पाच दिवसांत आईला त्या बादलीपासून कोण अडवणार?

ती गोंदियाच्या बाजारात आली होती मिक्सरचं भांडं घ्यायला. एका दुकानात शिरली आणि थबकली. एक तरुण चकचकीत फरशीवरून लांब दांड्याचं काहीतरी फिरवत होता... खालून पांढरी वाफ निघत होती. बाहेर थंडीची सकाळ, आत हा ढगात उभा. आणि मुख्य म्हणजे – ताठ उभा.

"अहो... याले वाकावं नाही लागत काय?"

त्याने वर पाहिलं. सावळा चेहरा, वाफेने ओली झालेली भुवई.

"याले नाही लागत," तो म्हणाला. "विकणाऱ्याले लागते. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर."

तिला हसू आलं. तो रूपेश. गल्ल्यावरून घनश्याम सेठ ओरडले, "अरे रूपेश, मॅडम को दोनों दिखाओ! व्हॅक्यूम भी, स्टीम मॉप भी!"

भूमिकाने आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, रूपेशने दोन्ही दाखवले. आणि मग, सेठ फोनवर वळताच, आवाज खाली आणून म्हणाला, "मोठा व्हॅक्यूम नका घेऊ. मावशींना ढकलता येणार नाही. हा दांड्याचा घ्या, हलका आहे. तुमच्याकडे धानाची धूळ असंल ना?"

"मळणी चालू आहे. डोळ्यांत, कपात, सगळीकडे कोंडा."

"मग याची जाळी दर आठवड्याले धुवा. अन् आधी धूळ ओढायची, मग वाफ द्यायची. उलटं केलं तर कोंड्याची पेज होते."

"तुम्ही विकून राहिले का भिववून राहिले?"

"दोन्ही," तो हसला. मग विचारलं, "भुई कशाची आहे घरची? वाफ सगळीकडे चालत नाही."

काचेची कपाटं, दिव्यांचा झगमगाट, समोर इस्त्रीचा शर्ट... शेणाने सारवलेली खोली तिच्या जिभेवर आलीच नाही.

"टाइल," ती म्हणाली.

"रविवारी घरी येऊन दाखवतो. मावशींनी स्वतः धरून पाहू द्या. नाही आवडलं तर परत नेतो."

मिक्सरचं भांडं घ्यायचं राहूनच गेलं, हे तिला एसटीत बसल्यावर आठवलं.

रविवारी तो मोटरसायकलला दोन खोकी बांधून आला. बूट दाराशी काढले, अनवाणी आत आला. सुशिलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मशीन झाडते म्हणे. माझे हात काय मोडले?"

"हातांसाठी नाही आणलं, मावशी. गुडघ्यांसाठी आणलं."

सुशिलाबाईंनी दांडा नाइलाजाने हातात घेतला. कोठीखालचा, वर्षानुवर्षं झाडूला न गावलेला भुसा सरसर आत गेला. मग त्यांनी तो पलंगाखाली घातला, कपाटामागे घातला... दांडा परत मागितला तरी देईनात.

"आई, त्यांना दुसरं दाखवू दे ना!"

मग वाफेची पाळी. रूपेश पुढच्या खोलीतून चालत निघाला. बोलता बोलता त्याची नजर भूमिकाकडे वळायची, ती दुसरीकडे बघायची. तिची वळायची, तो टाकीतलं पाणी बघायचा. असं करत करत तो मधल्या खोलीच्या उंबरठ्याशी आला. आत अंधार, आणि सारवून वाळलेली गुळगुळीत भुई – सिमेंटच्या कोब्यासारखीच दिसणारी.

भूमिकाने पाहिलं. हाक ओठांपर्यंत आली...

वाफ सुटली. घरभर ओल्या मातीचा वास पसरला. सुशिलाबाई लगबगीने आल्या तोवर हातभर पोपडा उचलला गेला होता, आणि मॉपचं पांढरं कापड शेणाने हिरवं झालं होतं.

"बाप्पा रे! हे काय केलं, बा?"

रूपेश खाली मान घालून उभा. सुशिलाबाई भिंतीचा आधार घेत खाली बसू लागल्या, गुडघ्यात कळ आली, तोंडातून "आई गं" निघालं.

"बसू नका, मावशी. मी बिघडवलं, मीच सारवतो. पुढच्या रविवारी येतो."

"तू?" दुखणं विसरून सुशिलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मशीनवाला सारवणार?"

तो आठवडा भूमिकाला खूप लांबलचक वाटला. बॅग भरताना, कपड्यांच्या घड्या घालताना एकच गोष्ट टोचत होती – लोकांना थांबवण्यात जिचा जन्म गेला, ती नेमकी त्या क्षणी गप्प बसली होती. आणि आईच्या भुईला डाग पडला होता.

रविवारी तो खरंच आला. पिशवीत चाळलेली माती, बाह्या दुमडलेल्या. शेण त्याने शेजारच्या गोठ्यातून स्वतः मागून आणलं. सुशिलाबाई उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकून परीक्षा घ्यायला बसल्या.

त्याने पोपडा खरवडला, कडा भिजवल्या, आणि हात टेकवला. एक कमान. तिला लागून दुसरी. मागे सरकत, न थांबता... नुसता डाग न झाकता, आतल्या भिंतीपासून त्याने अख्खी खोलीच सारवली, आणि शेवटचा हात उंबरठ्याशी आणून सोडला.

"हा हात कोणी शिकवला तुले?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"मायने, जी. आम्ही दरेकसाकडले, जंगलातले. बहीण नाही मले. पोळ्याच्या आधी सारं घर मी अन् मायच सारवतो."

सुशिलाबाई कितीतरी वेळ त्या कमानी बघत राहिल्या. मग उठल्या, वाटीतल्या पांढऱ्या छुईमातीने उंबरठ्यावर एक रेघ ओढली.

"दोन्ही मशिनी राहू दे. पण वाफेने ही रेघ ओलांडायची नाही." आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाल्या, "साखर किती घेतोस चहात?"

मागच्या वेळी चहा विचारलासुद्धा नव्हता.

उंबरठ्याच्या एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला ती. मध्ये पांढरी रेघ, पुढे ओली भुई. खिडकीतलं हिवाळी ऊन हळूहळू पुढे सरकत होतं.

"वाळली की निघतो," तो म्हणाला. "भेग पडते का ते पाहून."

"हं."

"उद्या देवरीले चालल्या ना?"

"पहाटेच्या एसटीने."

ऊन खोलीभर पसरलं. हिरवट ओल कडांकडून उजळत गेली, कमानी फिक्या झाल्या.

आतून हाक आली, "वाळली काय वो, भूमिका?"

भूमिकाने हात टेकवून पाहिलं. कोरडी. उन्हाने कोमट झालेली.

"नाही वो, आई! ओली आहे अजून!"

रूपेशने आपला तळवा भुईवर ठेवला. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. मग हळूच विचारलं –

"काऊन खोटं बोलून राहिल्या?"

तिने पदराचं नसलेलं टोक शोधलं, ओढणीच हाती आली. तिला पीळ देत राहिली.

"एक सांगू? रागवाल."

"सांगा तर."

"त्या दिवशी... तुम्ही या खोलीकडे वळले, ते मले दिसलं होतं. शब्द ओठांवर होता. थांबा म्हटलं असतं तर थांबले असते. पण म्हटलं... बिघडू दे थोडीशी. बिघडली तर हा माणूस परत येईल." तिने ओढणीचा पीळ घट्ट केला. "आईची भुई मीच बिघडवली. तुमची चूक नव्हती."

त्याने दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या. तिला वाटलं, आता उठेल आणि जाईल.

"अनवाणी होतो मी," तो म्हणाला. "सारवलेल्या भुईवर वाढलेला माणूस. डोळे मिटून पाऊल ठेवलं तरी कळते जी, कोबा कोणता अन् भुई कोणती."

तिने झटकन मान वर केली.

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं?"

"उंबरठ्यावरच कळलं. मले वाटलं, तुम्ही हाक माराल. वाट पाहत होतो. तुम्ही नाही मारली... मग मी पण नाही थांबलो."

"बदमाश!" ती म्हणाली, आणि दोघांनाही एकाच वेळी हसू फुटलं. हसू आवरताना त्याचा हात भुईवरून वीतभर सरकला. तिने आपला मागे घेतला नाही.

"सारवलेली भुई पंधरा दिवसांनी परत हात मागते," तो म्हणाला. "रविवारी. तुम्ही राहाल ना घरी?"

"काय वो?" सुशिलाबाईंचा आवाज पुन्हा आला, कपबश्यांच्या आवाजावरून. "अजून ओलीच आहे काय ते?"

भूमिकाने तोंड उघडलं. पण त्याआधीच रूपेश ओरडला, "ओलीच आहे, मावशी! वेळ लागंल!"

आतून कपबश्या परत ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, आणि सुशिलाबाई गुणगुणू लागल्या... वाळू दे गं लेकीबाई.

भूमिकाने त्या कोरड्या भुईकडे पाहिलं, त्याच्या नखांत अडकलेल्या मातीकडे पाहिलं, आणि इतके दिवस अडवून धरलेले शब्द सोडून दिले.

"आवडता तुम्ही मले, रूपेश. राहीन ना मी घरी. दर रविवारी राहीन."